डाव्या खांद्यावरचा मान

१

थोरलीच्या हाताखालून माणसांपेक्षा पुतळेच जास्त गेले होते. संग्रहालयाच्या तळमजल्यावर, मोठ्या जिन्यामागच्या बोळातून आत गेलं की तिची शिवणखोली लागायची. वरच्या दालनांत उभ्या असलेल्या यच्चयावत पुतळ्यांना कपडे शिवायचं आणि चढवायचं काम तिच्याकडे होतं. राजे, सरदार, तोफा ओढणारे शिपाई, राजवाड्यातले आचारी, सगळे तिच्या हातून नटूनथटून वर जायचे. पुतळ्यांचं एक बरं असतं, असं ती म्हणायची. मापाला वेळेवर हजर असतात, आणि सगळं शिवून झाल्यावर 'इथे जरा काखेत धरतंय' म्हणत नाहीत.

यंदाचं प्रदर्शन दरबारातल्या बायकांना मिळालेल्या राजमानांचं होतं. संग्रहालयाच्या मॅडमनी त्यासाठी जिवाचं रान केलं होतं. मॅडम हुशार आणि मनाने मोकळ्या, पण एकदा बोलायला लागल्या की समोरच्याच्या चहावर साय धरायची.

"पुरुषांचं सोपं होतं हो," शिवणखोलीतल्या स्टुलावर बसून त्या सांगायच्या. "लढाई जिंकली की छातीवर पदक. बायकांना कशाबद्दल द्यायचं? तर उभं राहिल्याबद्दल! राणीच्या मागे वर्षानुवर्षं उभं राहायचं. तिच्यासमोर बसायचं नाही, तिला पाठ दाखवायची नाही, तिच्याआधी घास घ्यायचा नाही. मग एखाद्या समारंभात राणी आपल्या हाताने डाव्या खांद्यावर हे लावणार, की झाल्या बाईसाहेब धन्य."

"मग तरी बसायला मिळायचं का?" थोरलीने सुईत दोरा ओवता ओवता विचारलं.

"छे हो! मग तर मुळीच नाही. आधी ती नोकरी होती, आता मान झाला."

'हे' म्हणजे अंगठ्याएवढं एक लंबगोल पदक, साटीनच्या रिबिनीच्या फुलाला टांगलेलं. त्यावर मिनाकारीत राणीचा चेहरा काढलेला होता म्हणे. म्हणे एवढ्यासाठी, की इतक्या खांद्यांवरून फिरता फिरता तो पार झिजला होता. केसांचा अंबाडा शिल्लक होता, गळा शिल्लक होता, आणि मधला सगळा भाग दुधी, गुळगुळीत. जुनी रिबीन तर हात लावताच भुगा होईल अशी झालेली. तेव्हा पदक जुनं आणि रिबिनीचं फूल नवं असं ठरलं, आणि ते फूल करायचं काम अर्थातच थोरलीकडे आलं.

त्या दिवसांत तिची धाकटी बहीणही रोज शिवणखोलीत येऊन बसायची. दोघींच्या वयात एवढं अंतर, की आई गेली तेव्हा थोरलीच्या हातात कात्री आली होती आणि धाकटीला अजून बुटाची नाडी बांधता येत नव्हती. थोरलीने तिला वाढवलं, शिकवलं, आणि शिकवल्याचं फळ म्हणून आता धाकटीला दूरच्या शहरात नोकरी लागली होती. महिनाअखेरीला निघायचं होतं. "तोवर घरी बसून काय भिंतींशी बोलू?" असं म्हणत ती डबा घेऊन थोरलीबरोबर यायची, हुक लावायची, काजं करायची. थोरली भेटेल त्याला सांगत होती, "फार छान झालं हो, पोरीचं नशीब उघडलं." आतून मात्र तिची शिवण उसवत चालली होती. पोरगी गेल्यावर रोज संध्याकाळी कुलूप काढून आत कुणाशी बोलायला जायचं, या विचाराने तिला घास गिळवत नव्हता.

फूल तयार झालं, पण पुतळ्याच्या खांद्यावर ते काही केल्या नीट पडेना. नुसतं ताठ उभं राहायचं, रुसलेल्या पाहुण्यासारखं. शेवटचा अंदाज जिवंत अंगावरच घ्यावा, हे शिवणकामातलं पहिलं शिक्षण. जुन्या वस्तू कुणाच्याही अंगावर चढवायच्या नाहीत, हा संग्रहालयाचा पहिला नियम. मॅडम वर सुताराशी भांडायला गेल्या होत्या. थोरलीने दोन्हींपैकी शिवणकामाचं ऐकलं.

"ये गं इकडे. सरळ उभी राहा."

"मला नको. टोचेल."

"एवढी मोठी नोकरीवाली बाई आणि पिनेला घाबरते!"

पिन कापडात अशी गेली की जणू तिथे आधीच वाट होती. धाकटीने एक श्वास घेतला आणि फुलाच्या पाकळ्या अलगद खाली आल्या, पदक जिथे असायला हवं तिथे स्थिरावलं. थोरलीला काम साधल्याचा आनंद झाला. आणि त्या आनंदात, मनातलं ओठांवर यायला कितीसा वेळ लागतो, ती म्हणाली, "घ्या! झाला तुमचा मान. आता माझ्या परवानगीशिवाय इथून कुठे जायचं नाही."

"जशी आज्ञा, राणीसरकार," म्हणत धाकटीने गुडघा वाकवला, आणि दोघी पोट धरधरून हसल्या. बोळात मॅडमची चप्पल वाजली तशी थोरलीने घाईघाईने पिन काढली आणि पदक कापसात ठेवून दिलं.

२

संध्याकाळी घरी थोरलीने ताटं वाढली. घर म्हणजे दोन खोल्या आणि एक गॅलरी. जेवायचं टेबल खिडकीला लावलेलं, समोरासमोर दोन खुर्च्या. ती बसली आणि जेवायला लागली. दोन घास झाल्यावर तिच्या लक्षात आलं की धाकटी आपल्या खुर्चीमागे, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभीच आहे.

"बस की गं. शाळेत तपासणीला साहेब आलेत का?"

धाकटी हसली आणि बसली. थोरली पाणी घ्यायला उठली, तशी तीही उठली. थोरली परत बसली, पण ती काही बसली नाही. मग उभ्याउभ्याच, ताट हातात घेऊन जेवली, आणि तेही थोरलीचं अर्धं जेवण होईपर्यंत घासाला हात न लावता.

"दिवसभर बसून बसून पाठ आखडली गं, ताई."

हे पटण्यासारखं होतं. काजं करणाऱ्याची पाठ आखडतेच. थोरलीने विषय सोडून दिला. पुढचे दोन दिवस सकाळी तिला उठल्या उठल्या चहा मिळाला, चपला सरळ करून ठेवलेल्या मिळाल्या, आणि ती दाराशी पोहोचायच्या आत दार उघडलेलं मिळालं. जाण्याआधी पोरगी लाड करून घेण्याऐवजी लाड करतेय, असं तिला वाटलं. खरं सांगायचं तर ते तिला आवडलंही. असले लाड कुणाला आवडत नाहीत?

तिसऱ्या सकाळी ती धाकटीचं अंथरूण आवरायला गेली, आणि तिचा हात थांबला. चादरीला एक चुणी नव्हती. उशी फुगीर होती. चादरीवर कोण कसं झोपलं हे चुण्यांवरून सांगू शकेल एवढं कापड थोरलीने आयुष्यात पाहिलं होतं, आणि या चादरीवर कुणी झोपलेलंच नव्हतं.

"झोप झाली का नीट?" तिने विचारलं.

"झाली की," धाकटी म्हणाली. ती पलंगाच्या पायथ्याशी उभी होती. तिचे घोटे सुजले होते.

३

एकदा डोळा उघडला की मग सगळंच दिसायला लागतं. धाकटी खोलीतून बाहेर जायची ती उलट्या पावलांनी. हातात भरलेला ट्रे, मागे उंबरा, मधे स्टूल; कशालाही धक्का न लावता, तोंड थोरलीकडे ठेवून, तोल न जाता ती मागे मागे सरकत दाराबाहेर नाहीशी व्हायची. थोरलीने एकदा मुद्दाम स्टूल वाटेत सरकवून ठेवलं. धाकटी त्याला वळसा घालून गेली. मान वळवून मागे पाहिलं नाही.

"हा काय खेळ चाललाय?" थोरलीचा आवाज चढला.

"कुठला?" धाकटीने विचारलं. विचारताना तिच्या चेहऱ्यावर खरोखरच काही नव्हतं.

त्या दुपारी तिने गॅलरीत वाळत घातलेले धाकटीचे कपडे काढले. घडी घालताना बोट कशात तरी अडकलं. शर्टाच्या डाव्या खांद्यावर शेजारी शेजारी दोन भोकं. त्या दिवशी पिन लावली ती यालाच, हे तिला आठवलं. ठीक आहे. पण दुसऱ्या शर्टालाही तशीच दोन भोकं होती. रात्रीच्या गाऊनला होती. स्वेटरला होती. तिने कपाट उघडलं. नोकरीवर रुजू व्हायचं म्हणून हौसेने आणलेला नवा कोट तिथे लटकत होता, त्याची किमतीची चिठ्ठीसुद्धा अजून काढली नव्हती. त्यालाही होती.

कसर लागली असेल, असं तिने स्वतःला सांगितलं. पण कसर काही पट्टीने माप घेऊन खात नाही. तिने कोट खिडकीशी नेला आणि भोकं उजेडात धरली. धागे तुटलेले नव्हते. ते हळूहळू बाजूला सरकले होते, कडा गोल झाल्या होत्या, आणि भोकांखालचं कापड किंचित ओघळलं होतं. एखादी जड वस्तू तिथे वर्षानुवर्षं लटकत राहावी, तेव्हा कापड असं होतं. कोट घेऊन आठवडा झाला नव्हता.

तिने तो परत अडकवला, कपाट लावलं आणि दाराला पाठ टेकून उभी राहिली. मग लक्षात आलं, की धाकटी मघापासून खोलीच्या कोपऱ्यात उभी आहे. ती केव्हा आली ते कळलं नव्हतं.

४

डॉक्टरांनी डोळे पाहिले, जीभ पाहिली, सुजलेले पाय पाहिले. "बसा," ते म्हणाले, तर धाकटीने थोरलीकडे पाहिलं आणि ती बसली नाही. "घर सोडायचं म्हटलं की होतं असं एकेकाला," डॉक्टर म्हणाले, आणि गोळ्या लिहून दिल्या. गोळ्यांनी धाकटी जास्तच शांत उभी राहायला लागली.

मॅडमना सगळं सांगायची थोरलीला सोय नव्हती. पदक अंगावर चढवलं हे कळलं असतं तर नोकरी गेली असती, आणि पुढचं सांगितलं असतं तर वेड्यात काढलं असतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा. तरी शेवटी पाकळ्यांना इस्त्री फिरवता फिरवता तिने सहज विचारल्यासारखं विचारलं, "मॅडम, हा मान परत करता यायचा का हो? म्हणजे एखादीला नको झाला तर?"

"नको कशाला होईल? आणि झाला तरी काय उपयोग. पदक काढून ठेवलं तरी बाई सुटत नव्हती." मॅडम स्टुलावर बसल्या. धाकटी भिंतीशी उभी होती. मॅडमना वाटलं पोरगी नम्र आहे. "एक गंमत सांगते. एकदा राणी तापाने आजारी पडली, आणि समारंभ तर ठरलेला. म्हणून तिच्या छोट्या मुलीला खुर्चीवर चढवून तिच्या हातून पदकं लावून घेतली. झालं! त्या बायका त्या दिवसापासून त्या पोरीच्या मागे उभ्या राहायला लागल्या. राणी हाका मारतेय, तर ढिम्म. जिने लावलं ती त्यांची राणी, मग ती कुणी का असेना. केवढा घोळ झाला असेल!"

"मग? मिटला कसा तो घोळ?"

"मुलगी फार जगली नाही. तेव्हा पोरं जगायचीच कुठे? आणि राणी गेली की तिच्या बायका आपोआप मोकळ्या. तेवढी एकच सुटका होती त्यांना; ज्या राणीआधीच गेल्या, त्यांना तीही नाही." मॅडमनी घड्याळ पाहिलं आणि उठल्या. "पाटीवर हे लिहावं का, विचार करतेय. लोकांना आवडतं असलं."

इस्त्रीखाली रिबीन करपल्याचा वास आला तेव्हा थोरली भानावर आली. तिने भिंतीकडे बघायचं टाळलं. हा सगळा योगायोग आहे, ती मनाशी म्हणाली. पोरीने मॅडमच्या गोष्टी ऐकल्या, त्या तिच्या मनाने घेतल्या, आजारी मन काहीही धरून बसतं. हे सगळं अगदी बरोबर होतं. फक्त ही छोट्या मुलीची गोष्ट मॅडमनी आज पहिल्यांदा सांगितली होती, आणि धाकटी तर पिन लावल्या दिवसापासूनच थोरलीच्या मागे उभी होती.

५

तिने उपाय केले नाहीत असं नाही. मॅडम जेवायला गेल्या असताना तिने पदक पुन्हा काढलं, धाकटीच्या खांद्यावर लावलं, आणि दोन्ही हातांनी, नीट, मन लावून काढलं. "तुला मोकळं केलं," ती म्हणाली. आपल्याच शब्दांची तिला लाज वाटली, तरी ती पुन्हा म्हणाली. "जा. कुठेही जा. माझी आज्ञा आहे, जा." धाकटी उलट्या पावलांनी दाराबाहेर गेली. थोरलीने दहा मिनिटांनी दार उघडलं, तेव्हा ती दारातच उभी होती, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"माझे पाय फार दुखतात गं, ताई."

"मग बस ना, बाळा. बस, मी सांगते."

"कसं बसू?" धाकटी म्हणाली. "आम्हाला बसता येत नाही."

"आम्हाला?"

धाकटी उलट्या पावलांनी भिंतीपर्यंत मागे सरकली.

निघायचा दिवस आला. नव्या ठिकाणी पोहोचलं की सगळं सुटेल, जागा बदलली की माणूस बदलतं, असं म्हणत थोरली तिला बसस्थानकावर घेऊन गेली. बॅग वर चढवली. धाकटीने पायरीवर पाय ठेवला, पण पाठमोरा, तोंड थोरलीकडे करून.

"अहो ताई, तोंड इकडे करा, पडाल ना!" कंडक्टर ओरडला.

"ताई, तू निघ आधी," धाकटी म्हणाली. "तू गेलीस की मी चढते."

थोरलीने तिच्या गालावरून हात फिरवला आणि ती निघाली. मागे वळायचं नाही असं ठरवून चालत राहिली. बस सुरू झाल्याचा आवाज आला, दूर गेल्याचा आला. तेव्हा कुठे तिने श्वास सोडला, आणि रडू आलं, आणि रडता रडता हलकंही वाटलं. मग तिच्या कानांवर तो दुसरा आवाज आला.

कापडाला आवाज असतो. सुती कापड चरचरतं, लोकर मुकी असते, आणि जाड साटीन हलताना कुणीतरी दातांवर जीभ धरून 'श्श' म्हटल्यासारखं वाजतं. थोरलीला ते डोळे मिटून ओळखता आलं असतं. रस्त्यावर तिच्या मागे साटीन वाजत होतं. एका बाईच्या अंगावर मावेल त्याहून पुष्कळ जास्त साटीन. ती थांबली, तेही थांबलं. ती वळली, तर मागे फक्त धाकटी होती, साध्या सुती कपड्यांत, रिकाम्या हातांनी. बॅग बसबरोबर गेली होती.

दुपारी नव्या नोकरीच्या ठिकाणाहून फोन आला. सोमवारपर्यंत वाट बघू, ते म्हणाले, नाहीतर दुसरं कुणी घ्यावं लागेल. थोरलीने ते धाकटीला सांगितलं. धाकटी खिडकीला धरून उभी होती, आणि तिच्या घोट्यांची कातडी ताणून चकाकत होती.  पोरगी इथे थांबावी असं मनातून किती वेळा म्हटलं, ते थोरलीला आठवलं. मन चिंती ते वैरी न चिंती. तिने आयुष्यात कधी कुणाचं वाईट चिंतलं नव्हतं. जे चिंतलं ते फक्त या पोरीवरच्या मायेपोटी, आणि त्यानेच पोरगी उभ्या उभ्या संपत चालली होती.

त्या संध्याकाळपासून थोरली खुर्चीतून उठली की मागे कापड हलायचं. ती बसली की स्थिर व्हायचं. तिने पाण्याचा घोट घेतला की खोलीभर कुणीतरी आवंढा गिळायचं. आणि एकदा तिला नुसती ठेच लागली, तोल जरासा गेला, तर मागून एक आवाज आला, अनेक छात्यांतून एकदम निघालेला. आधी तिला तो काळजीचा वाटला. नंतर खूप वेळ ती त्या आवाजाचा विचार करत बसली. तो काळजीचा नव्हता. खूप दिवस वाट पाहिलेली गाडी लांबून दिसली की माणसं तसा आवाज करतात.

६

प्रदर्शन रविवारी दुपारी उघडायचं होतं. खालच्या दालनात खुर्च्या मांडल्या होत्या, माइकची चाचणी चालू होती. थोरली वरच्या दालनात पुतळ्यांवरून शेवटचा हात फिरवत होती आणि धाकटी, नेहमीसारखी, तिच्या मागे चार पावलांवर.

मॅडम धापा टाकत वर आल्या. "वा! मांडणी बदललीत का तुम्ही? आधी जोडी जोडीने उभ्या होत्या ना समोरासमोर?"

"मी नाही बदलली."

"छान दिसतंय हो, बदललीत तर काय झालं. फक्त सगळ्याजणी खिडकीकडे काय बघतायत, तेवढं कळलं नाही." आणि खालून हाक आली म्हणून मॅडम तशाच पळत गेल्या.

थोरली खिडकीशी उभी होती. तिने पुतळ्यांकडे पाहिलं. सगळ्यांचे डावे खांदे जरासे पुढे आले होते. ती सावकाश खिडकीपासून दारापर्यंत आली, आणि पुतळ्यांकडे पुन्हा पाहायचं तिने टाळलं. आजवर पुतळ्यांना ती कधीच घाबरली नव्हती. 

दाराजवळ काचेची पेटी होती; पदक शेवटी पुतळ्यावर न लावता तिच्यातच ठेवलं होतं. काच नुकतीच पुसलेली, लख्ख. त्यात तिला तिचा चेहरा दिसला, खाली पदक दिसलं, आणि पदकावरचा गुळगुळीत भाग नेमका तिच्या चेहऱ्याखाली आल्यामुळे क्षणभर तिथे नाक-डोळे असल्यासारखे वाटले. तिच्या खांद्यामागे धाकटी दिसली. धाकटीच्या खांद्यावर फूल होतं. तिच्या मागे आणखी एक फूल होतं, त्याच्या मागे आणखी, काचेच्या कडेपर्यंत, कुठे ताजी, कुठे विरलेली, कुठे नुसते धागे. ती फुलं ज्या खांद्यांवर होती ते खांदे श्वास घेत होते. त्याच्या वर थोरलीने नजर नेली नाही.

"अहो, या ना खाली!" मॅडमचा आवाज जिन्यातून घुमत आला. "सगळ्यांचा फोटो काढायचाय!"

जिना रुंद होता, दगडी, मधोमध झिजलेला. वरच्या पायरीशी थोरली थांबली. खाली माणसांची गजबज होती, उजेड होता, कुणीतरी हसत होतं. मागे साटीन आलं आणि थांबलं, अगदी जवळ.

"ताई," धाकटी म्हणाली. आवाज तिचाच होता, लहानपणी ताप आला की यायचा तसा. "मला जायचंय गं. उद्या सोमवार."

"माहीत आहे, बाळा."

"पण तू असेपर्यंत कसं जाऊ?"

थोरलीला भीती वाटली. खोटं कशाला बोला, खाली जाऊन मॅडमच्या गळ्यात पडून रडावंसं वाटत होतं. तरी त्या भीतीच्या तळाशी एक विचार अगदी साधा, घरातल्या कामासारखा उभा होता. पोरीचे पाय दुखतायत. आईच्या मागे आपणच तिला वाढवलं, मोठं केलं, आणि आपणच तिला बांधून ठेवलं. मग सोडायला दुसरं कोण येणार? तिने कठड्यावर ठेवलेला हात काढून घेतला आणि पहिली पायरी उतरली.

तिच्या पाठीवर हात आले. जोर नव्हता त्यांत. राणीला लावायचे हात असावेत तसे ते होते, अदबीचे, हलके, एकावर एक, आणि सगळे पुढच्या दिशेने.

त्यांत एकच हात वेगळा होता. तो तिच्या दंडाला होता आणि मागे ओढत होता, सगळा जीव एकवटून. तो तिने ओळखला. रस्ता ओलांडताना हाच हात तिला असा धरायचा. "ताई, नको," कुणीतरी म्हणालं, की तिला तसं वाटलं. पाय झिजलेल्या दगडावर टेकला होता आणि घसरू लागला होता.

थोरलीने वळून पाहिलं नाही. दंडावरची बोटं एकेक करून सुटत चालली होती. ती कुणी सोडवत होतं, की धाकटीच सोडत होती, हे तिला जाणून घ्यायचं नव्हतं.